गरम प्लग

हात थरथरायला लागल्यापासून म्हातारा मेकॅनिक गॅरेज बंद करून घरी बसला होता. थंडीच्या पहाटे अंगणात सून मोटरसायकलला किका मारून घामाघूम झाली. आज पुन्हा उशीर झाला तर दवाखान्यातली नोकरी गेलीच. शेवटी त्याला राहवेना. शाल गुंडाळून तो बाहेर आला. “चोक ओढलास?” “ओढला, बाबा. दादच देत नाही.” “प्लग ओला झालाय. काढायला हवा.” तिनं गाडीतला पाना पुढे केला. त्यानं हात मागे घेतले. “माझ्यानं नाही होणार.” “मग सांगा, मी करते.” तो सांगत गेला, ती करत गेली. प्लग काढला, पुसला, चिमट्यात धरून गॅसवर तापवला, पुन्हा बसवला. दुसऱ्या किकेला इंजिन धडधडलं. “संध्याकाळी कार्बोरेटर खोलू, बाबा,” म्हणत ती निघाली. आवाज विरेपर्यंत तो थांबला. मग पलंगाखालची पान्यांची पेटी उघडून बसला.