पितळी मासोळी

"निवळ पाणी असलं की जिवंत कोळंबी, गढूळ असलं की ही पितळी मासोळी. एवढं ध्यानात ठेवा, रावस आलाच समजा," उमाकांत म्हणाला आणि आमिषाचा डबा विजयकुमारच्या हातात दिला.

सांगितलं ते नेमकं उलटं होतं. गढूळ पाण्यात माशाला दिसतं काय कपाळ? तो वासावर येतो, तिथं कोळंबीच हवी. चकाकणारी खोटी मासोळी निवळ पाण्यात. एन्नोरच्या धक्क्यावरच्या म्हाताऱ्या तुकोजीच्या विड्या पेटवून देत उमाकांत दोन वर्षांत हे शिकला होता. ते फुकट वाटायला तो काही खुळा नव्हता.

"हो का? बरं झालं सांगितलंत," विजयकुमार म्हणाला. तंगुसाच्या दोरीचं टोक ओठांत धरून त्यानं न बघताच गळाची गाठ मारली. बावळट आहे, पण गाठ बरी मारतो, असं उमाकांतला वाटून गेलं.

दोघे मद्रासमधल्या एकाच सरकारी कारखान्यात कारकून. दोघांच्या बायका पुण्यात, दोघांचे बदलीचे अर्ज साहेबाच्या टेबलावर, आणि पुण्याच्या कारखान्यात यंदा जागा एकच. विजयकुमारची सासुरवाडी पुण्याची, म्हणून कारखान्यात सगळे त्यालाही पुणेकरच म्हणत. उमाकांतला त्याच्याशी वैर नव्हतं. पण गेल्या दिवाळीत घरी गेला तेव्हा तीन वर्षांच्या लेकीनं दार उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, "आई, कुणीतरी काका आलेत." तो घाव अजून भरला नव्हता. तिला बाबा म्हणायला शिकवायचं असेल तर कुणाचा तरी पाय ओढावाच लागणार होता.

आणि साहेब कसला, नमुना होता नुसता. सेतुमाधवराव, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे. मराठी बोलायचे तेही तमिळच्या हेलात. फायलीत जीव नाही, सगळा जीव रावसात. इथले लोक त्याला काला म्हणतात. सहा वर्षं दर रविवारी साहेब धक्क्यावर यायचे आणि रिकाम्या हातानं परत जायचे. यंदा त्यांनी आमिष निवडायला माणसं नेमली होती: एक रविवार उमाकांतचा, एक विजयकुमारचा.

तो रविवार विजयकुमारचा होता. खाडीचं पाणी चहासारखं गढूळ. विजयकुमारनं डबा उघडला, पाण्याकडे बघितलं आणि पितळी मासोळी बांधली. दुपारपर्यंत साहेबांनी ती शंभरदा फेकली असेल. शेजारी कोळ्याची पोरं कोळंबी लावून रावस ओढत होती आणि साहेबांकडे बघून खिदळत होती. साहेबांचं टक्कल उन्हानं लाल झालं, मग रागानं. उमाकांत मागं छत्री धरून उभा होता. त्याला आतून गुदगुल्या होत होत्या. थोडी दयाही आली, नाही असं नाही. पण ती त्यानं गिळली.

पुढचा रविवार त्याचा. पाणी तसंच गढूळ. साबणाचा वास राहू नये म्हणून त्यानं हात वाळूनं घासले, तुकोजीकडून आणलेली तडफडती कोळंबी शेपटीपाशी गळात ओवली आणि गळ साहेबांना दिला. वीस मिनिटांत काठी वाकली. आठ किलोचा रावस. साहेब धक्क्यावर अक्षरशः नाचले. रावस कवेत घेऊन त्यांनी फोटो काढून घेतला.

"उमाकांत, तुझ्यासारखा माणूस मिळाया नशीब लागतं, पा," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी उमाकांतनं बायकोला आंतर्देशीय टाकलं. कारखान्याजवळ दोन खोल्या बघून ठेव, आणि पोरीला माझा फोटो रोज दाखवत जा, असं लिहिलं.

दहा दिवसांनी फळ्यावर ऑर्डर लागली. नाव विजयकुमारचं.

उमाकांत तडक केबिनमध्ये गेला. टेबलाच्या काचेखाली रावसाचा फोटो होता.

"विजयकुमार होय?" साहेब म्हणाले. "त्याला आमिषातलं ओ की ठो कळत नाही. धक्क्यावर पोरं हसली मला. गेली पीडा."

"आणि माझा अर्ज, साहेब?"

"तुला सोडतो होय मी? माझ्या रिटायरमेंटला सात वर्षं आहेत की अजून."

तो जागेवर येऊन बसला. फाइल उघडली, पण अक्षर दिसेना. थोड्या वेळानं विजयकुमार पेढे घेऊन आला. खिशातून पितळी मासोळी काढून त्यानं टेबलावर ठेवली.

"ही तुमची. राहिली होती माझ्याकडं."

त्याचा तो हसरा चेहरा उमाकांतला बघवेना. निदान पेढा तरी याच्या घशात अडकू दे, असं त्याला वाटलं.

"तुम्हाला मी मुद्दाम उलटं सांगितलं होतं," तो म्हणाला. "तुमची फजिती व्हावी म्हणून. गाढव बनवलं मी तुम्हाला."

विजयकुमारनं एक पेढा उचलून त्याच्या हातावर ठेवला.

"ठाऊक आहे. पुण्याची माझी बायको, उमाकांतराव. मी वेंगुर्ल्याचा. गढूळ पाण्यात पितळ टाकत नाहीत हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं."