नऊला पाच कमी

पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ उलटं धावत होतं. चार मिनिटं एकावन्न सेकंद. ऑनलाइन पालकसभेत प्रत्येक शिक्षकासाठी पाचच मिनिटं. ती संपली की कॉलेजची यंत्रणा पालकाला वाक्याच्या मधोमध तोडते आणि पुढच्याला आत घेते.

डेनीस नॅन्कॅरोने गळ्याला मफलर गुंडाळला होता. तिने कॅमेऱ्यासमोर एक पुठ्ठा धरला. त्यावर लिहिलं होतं, ‘माझा आवाज बसला आहे.’

केमिस्ट्रीच्या मिस्टर ब्लेमींनी तो शांतपणे वाचला.

“काल सकाळी तर छान होता,” ते म्हणाले.

पुठ्ठा हळूहळू खाली आला.

जानेवारीत कोविडमुळे रेडरूथ गावचं कॉलेज पुन्हा बंद झालं आणि वर्ग घरोघरी लॅपटॉपवर आले. डेनीसच्या मुलीचं, टॅम्झिनचं, विद्यापीठाआधीच्या दोन वर्षांच्या ए लेव्हलचं हे पहिलंच वर्ष. त्याआधीची मोठी परीक्षा झालीच नव्हती. शिक्षकांनी अंदाजाने मार्क दिले होते. आता फार्मसीला जायचं तर केमिस्ट्री हवीच. रोज सकाळी नऊचा तास. दहा तास बुडाले की विषय काढून घेऊ, असं कॉलेजचं पत्र आलेलं.

पहिल्याच सोमवारी, नऊला पाच कमी असताना, भिंतीपलीकडून टॅम्झिन ओरडली, “आई! मी उठणार नाहीये!”

डेनीस स्वतःही अंथरुणातच होती. ट्रुरोच्या एका मोठ्या दुकानात तिने बावीस वर्षं अत्तरं विकली होती. सप्टेंबरात दुकान कायमचं बंद झालं आणि ऑक्टोबरात कोविडने तिचं नाकही बंद केलं, कसलाच वास येईनासा झाला. तेव्हापासून उठून करण्यासारखं तिला काही सापडलं नव्हतं. घरात दोघीच. दोघी झोपून राहिल्या तर कुणाला कळणारही नव्हतं.

पण दहा तास म्हणजे दोन आठवडे. ती गाऊनमध्येच खाली धावली, लॅपटॉप उघडला आणि टॅम्झिनच्या नावापुढे टाइप केलं, ‘हजर.’ मुलांचे कॅमेरे बंदच ठेवायचे, असा कॉलेजचा नियम होता. देव भलं करो त्या नियमाचं.

मंगळवारी तेच. “आई! मेले तरी उठणार नाही!” बुधवारी तेच. पोरगी आयुष्यात कशालाच वेळेवर पोचली नव्हती, पण नकार द्यायला तिने एक मिनिट उशीर केला नाही.

आठवड्याभरात डेनीस केस विंचरायला लागली. तिसऱ्या आठवड्यात लिपस्टिक. कॅमेरा बंदच होता, तरीही.

गृहपाठही तीच करायची. एकदा बावीस ग्रॅम मिठाऐवजी उत्तर बावीस टन आलं. सरांचा शेरा : ‘समुद्र पुरणार नाही.’ तीन वेळा सरांनी तिला बोलायला लावलं. तिन्ही वेळा ती जड, वैतागलेल्या आवाजात म्हणाली, “माहीत नाही, सर,” आणि सोळा वर्षांची म्हणून बिनबोभाट खपून गेली.

दुपारी टॅम्झिन पायजम्यात खाली यायची. “काय गं, आज काय शिकलीस?”

“तू शिकायचं होतंस ते, भवाने!” असं म्हणून डेनीस तिला सगळं समजावून सांगायची, सॉसची बाटली आणि मिठाची डबी घेऊन. टॅम्झिन जांभया द्यायची. मध्येच म्हणायची, “एक शून्य जास्त झालं बघ.” दिवसभर लोळणाऱ्या पोरीला हे कसं कळतं, आणि रोज सकाळी ब्रेडचे दोन तुकडे कुठे जातात, हे डेनीसला कळत नव्हतं. विचार करायला सवड नव्हती. गृहपाठ होता.

पडद्यावरच्या घड्याळात आता एक मिनिट वीस सेकंद. बाकीचा वेळ डेनीसने पुठ्ठ्याची घडी घालण्यात घालवला होता.

“सर, तिला काढू नका,” डेनीस म्हणाली. आवाज आता खरंच बसला होता. “चूक माझी आहे. मी तिच्या अंगावर पाणी ओतते उद्या. पलंगासकट उचलून आणते. पण तिचा विषय काढू नका. ह्या घरात आता पुढचं म्हणावं असं तेवढंच उरलंय.”

“मिसेस नॅन्कॅरो, माझ्याकडे गृहपाठ दोन येतात,” मिस्टर ब्लेमी म्हणाले. “अकराला एक येतो. त्यात समुद्र संपतो. चारला दुसरा येतो, ईमेलने. तो बरोबर असतो.”

बावीस सेकंद.

“ती रोज तासाचं रेकॉर्डिंग बघते. पहिल्याच आठवड्यात मी तिला झापलं, आईला कशाला बसवतेस वर्गात? तर म्हणाली, सर, तिला काही बोलू नका. हा नऊचा तास गेला ना, तर आई परत...”

पडद्यावर पाच तारे आले. ‘वेळ संपली. आपला अनुभव कसा होता?’

डेनीस बराच वेळ त्या ताऱ्यांकडे बघत राहिली. लिपस्टिक लावलेली, मफलर गुंडाळलेली. वर टॅम्झिनच्या खोलीत चिडीचूप होतं.

दुसऱ्या दिवशी ती सातलाच जागी झाली. पण उठली नाही. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून, डोळे उघडे ठेवून पडून राहिली. आठ वाजले. साडेआठ वाजले.

नऊला पाच कमी असताना भिंतीपलीकडून आरोळी आली, “आई! मी आज उठणार नाही! सांगून ठेवते!”

आवाज घोगरा होता. पण झोपेने नाही. तोंडात टोस्ट होता.

“ऊठ गं आळशे, नऊ वाजतायत!” डेनीस नेहमीसारखी ओरडली, आणि उठली.