दुसऱ्या बेसवर

बेसबॉलच्या मॅचमध्ये निकिताने टोलवलेला चेंडू लांब गेला आणि ती पळत सुटली. पहिला बेस ओलांडला, दुसऱ्याकडे वळली आणि तिथेच पाय मुरगळून पडली. उठेना.

गॅलरीच्या पायऱ्यांवर बसलेले तिचे आजोबा, सूर्यभान, ताडकन उभे राहिले. पण गुडघे दुखरे. ते एकेक पायरी उतरत होते, तोवर मैदानाच्या पलीकडच्या जाळीमागून एक म्हातारा धोतराचा सोगा हातात धरून आत पळत आला. मातीत फतकल मारून त्याने पोरीचा पाय मांडीवर घेतला आणि बूट सोडवला.

सूर्यभान जवळ आले आणि थबकले. तो आसाराम होता. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ.

श्रीरामपूरच्या कडेला दोघांची शेतं लागून होती. मधल्या बांधावरून भांडण पेटलं, दावा कोर्टात गेला, बोलणं बंद झालं. एकमेकांच्या घरातल्या लग्नांनाही कोणी गेलं नाही. पुढे तालुका क्रीडा संकुलासाठी दोन्ही शेतं गेली. बांधावरच्या बाभळी तुटल्या, रोलर फिरला, धावपट्टी झाली, मुलींसाठी बेसबॉलचं मैदान आखलं गेलं. बांध नेमका कुठे होता, हे आता त्या दोघांनाही सांगता आलं नसतं. दावा मात्र चालूच राहिला. तो मिटवायचा तर एकाला दुसऱ्याशी आधी बोलावं लागलं असतं.

"ह्यो हितं कसा?" सूर्यभाननी विचारलं ते निकिताला. भावाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"बारके आजोबा दर मॅचला येत्यात," कण्हत निकिता म्हणाली. "तुमी दिसले, की जाळीमागं जाऊन उभं राहत्यात. मला म्हन्ले, थोरल्याला सांगू नको. त्यो यायचा बंद हुईल."

आसाराम खाली मान घालून घोटा चोळत राहिला.

तेवढ्यात शाळेच्या क्रीडाशिक्षिका बर्फाची पिशवी घेऊन धावत आल्या. मैदानात घुसलेला अनोळखी माणूस पाहून त्या चिडल्या. "अहो काका, असं मध्ये यायचं नसतं. तुम्ही कोण? मुलीचे कोण लागता?"

 आसारामने तिचा पाय हळूच खाली ठेवला आणि तो उठायला लागला.

"आजा हाय तिचा," सूर्यभान म्हणाले.

"मग तुम्ही?"

"मीबी आजाच. ह्यो बारका, मी थोरला." आणि कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच ते भावाशी बोलले, "बस खाली. पोरीचा पाय सोडू नको."

घोटा सुजला होता, मोडला नव्हता. निकिता लवकरच पुन्हा पळायला लागली.

पुढच्या तारखेला कोर्टाच्या शिपायाने दारात उभं राहून नेहमीसारखा दोघांच्या नावांचा पुकारा केला. सूर्यभान हजर नव्हते. आसारामही नव्हता. दोन्ही वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या वेळी दोघे भाऊ नगरला, जिल्ह्याच्या मॅचला, एका बाकावर बसून निकिताच्या नावाने ओरडत होते.