एका मिनिटाचा दिवा

"आई, बाबा, आपल्या घरात भूत आहे का?"

विचारून ती हाताची घडी घालून उभी राहिली. हसायचं नाही, अशी मैत्रिणींची अट होती. रोज तिन्हीसांजेला खालच्या गल्लीत बॅडमिंटन खेळताना त्यांना तिच्या आजोबांच्या खोलीची खिडकी दिसायची. खिडकी उजळायची, विझायची, पुन्हा उजळायची. "हिंमत असेल तर घरी विचारून दाखव, भोंग्या!" त्या म्हणाल्या होत्या. यंदा वर्गप्रतिनिधी झाल्यापासून तिचा आवाज थेट गच्चीपर्यंत पोचत होता, म्हणून भोंगा.

"भूतबित काही नाही, सेन्सर बिघडलाय," बाबा म्हणाले. "खोलीत कुणी हलत नसताना दिवा लागतो. फुकट वीज जाते. दिवा विझायचा वेळ पाच मिनिटांवरून दोनवर आणला, परवा एकावर केला. तरी तेच!"

आई आजोबांचे सदरे घडी करून बॅगेत भरत होती. "जाऊ द्या आता. रविवारनंतर कोण बसणार आहे त्या खोलीत?"



वीज वाचवायचं बाबांना वेडच होतं. ट्यूबलाइटची हकालपट्टी झाली, पिवळे बल्ब गेले, घरभर एलईडी आले. मग आले सेन्सर. माणूस हलला की दिवा लागणार, हलायचं थांबला की विझणार. बाथरूममध्ये जरा विचार करत बसलं की अंधार गुडुप! मग आत बसून दोन्ही हात हवेत फिरवायचे. आई म्हणायची, "या घरात आंघोळ कमी आणि कवायत जास्त."

आजोबांच्या खोलीत मात्र बाबांनी सेन्सर मायेनेच लावला होता. आजोबांना बटण दाबता येत नव्हतं. जन्मभर कुलपं दुरुस्त करणारा माणूस, पण अर्धांगवायूचा झटका आल्यापासून खुर्चीत बसवला की तसाच. बोलणं नाही, हलणं नाही. हाक मारली तरी नजर फिरत नव्हती. सुरुवातीला सगळ्यांनी खूप हाका मारल्या. हळूहळू त्या थांबल्या. सांभाळायला येणाऱ्या मावशींनी काम सोडलं, आई-बाबा दोघंही नोकरीवर, म्हणून शहराबाहेरचं एक शुश्रूषा केंद्र ठरलं. रविवारी गाडी येणार होती. "त्यांना इथे काय नि तिथे काय," बाबा म्हणाले होते. "काही कळत नाही त्यांना." म्हणताना त्यांनी तोंड फिरवलं होतं.

ती तडक आजोबांच्या खोलीत गेली. दार उघडताच दिवा लागला. ती पलंगाच्या कडेला बसली आणि पुतळा झाली.

एक मिनिट. दिवा विझला.

ती हलली नाही. तरी दिवा लागला.

सेन्सर खरंच बिघडलाय की काय? तिने पुन्हा वाट पाहिली. पुन्हा अंधार. या वेळी तिने खिडकीतून येणाऱ्या अंधुक उजेडात आजोबांवर नजर रोखली. त्यांच्या मांडीवरचं पांघरूण थरथरलं. डावा हात वर आला, वीतभरच. दिवा लागला. हात धपकन खाली पडला.

खोलीत दुसरं कुणी असलं की दिवा चालूच असायचा, त्यामुळे हा हात कुणाला दिसलाच नव्हता. एकटे असले की अंधार व्हायचा आणि आजोबा हात उचलायचे. बाबा वेळ कमी करत गेले, तसतसा जास्त वेळा.

भोंग्याचा आवाज आज फुटेना. तिने हाताला धरूनच आई-बाबांना आणलं, पलंगावर बसवलं. "कुणीही हलायचं नाही. बाबा, पाय हलवू नका!"

"अगं, काय पोरखेळ..."

"शू!"

दिवा विझला.

"आजोबा, मी कोण आहे ते कळतंय? कळत असेल तर दिवा लावा."

दिवा लागला. आईच्या तोंडून हुंदका निघाला.

पुन्हा अंधार होईपर्यंत तिने दोघांचे हात घट्ट धरून ठेवले. "आजोबा, रविवारी तुम्हाला त्या केंद्रात जायचंय?"

अंधार. खालून कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजला. अंधारच.

"मग इथेच राहायचंय? आमच्यात?"

दिवा लख्खकन लागला. आजोबांचा हात या वेळी खाली पडला नाही. तो तसाच अधांतरी थरथरत राहिला. शेवटी बाबाच उठले आणि त्यांनी तो दोन्ही हातांत धरला.

"मी याला बिघाड समजत होतो," बाबा म्हणाले.

आईने डोळे पुसले. "पण दिवसभर कोण बघणार गं? आमच्या नोकऱ्या, तुझी शाळा..."

"दिवसाचं आपण तिघं मिळून ठरवू. गाडी मात्र रद्द करा," ती म्हणाली. "आणि आजपासून मी याच खोलीत राहणार. एक मिनिटसुद्धा मी स्वस्थ बसत नाही, असं तुम्हीच म्हणता ना?"