रिमोटचा बिघाड

वडिलांनी रिमोट पलंगावर आपटला. "दोनदा सेल बदलले. मेलाय हा."

लेकीने तो उचलला. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर वडिलांचा हात आता कुठे ताळ्यावर येत होता. पाय मात्र अजून रुसलेलाच. तिने मोबाइलचा कॅमेरा सुरू केला, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरलं आणि बटण दाबलं. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला.

"हे बघा बाबा. हा उजेड आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. प्रत्येक बटणाची लुकलुक वेगळी. टीव्ही ती ओळखतो आणि सांगितलेलं ऐकतो. रिमोट ठणठणीत आहे."

"मग टीव्हीला मोतीबिंदू झालाय?"

ती टीव्हीपुढे उकिडवी बसली. खालच्या कडेला, रिमोटचा उजेड टिपणाऱ्या काळ्या काचेवर, काळ्याच चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा होता. नीट कापून लावलेला. तिने त्याचा कोपरा उचकटला.

"राहू दे ते," दारातून आई दबक्या आवाजात म्हणाली.

लेक तिच्यामागे स्वयंपाकघरात गेली. "तू लावलीस? अगं, माणूस अंथरुणाला खिळलाय. त्यांना तेवढाच एक विरंगुळा, आणि तू..."

"खिळले नाहीत. स्वतःला खिळवून घेतलंय. व्यायाम शिकवणारी बाई घसा कोरडा करून गेली, मी हातापाया पडले. ढिम्म हलले नाहीत. आता चॅनेल बदलायचं तर उठावं लागतं. मला शिव्या घालतात, पण उठतात."

"आणि त्यांना कळलं तर?"

"तर जन्मभर बोलून दाखवतील. दाखवू देत."

बाहेरून हाक आली, "झाला का दुरुस्त?"

लेकीने आईकडे पाहिलं. आई ओट्यावरची भांडी पुसत राहिली.

"नाही बाबा. टीव्हीतच बिघाड आहे. पार्ट मिळायला वेळ लागेल."

"वाटलंच होतं."

पलंग करकरला. लेक दाराशी आली. वडील वॉकर धरून उभे राहिले होते. एक पाय टाकला, दुसरा ओढला, थांबले, पुन्हा टाकला. टीव्हीपाशी पोहोचल्यावर त्यांनी कडेचं बटण दाबून बातम्या लावल्या. दम खाल्ला.

मग ते वाकले, चिकटपट्टीचा उचकटलेला कोपरा अंगठ्याने घट्ट दाबून बसवला आणि परत फिरले.