शस्त्रसंधी म्हणजे

संध्याकाळचे साडेसहा वाजले तरी पहिल्या पानाचा मथळा अडलेलाच होता.

"सर, युद्धविरामच ठेवू या. लोकांना पटकन कळतं," अदिती म्हणाली. कोल्हापुरातल्या त्या दैनिकात ती नवी उपसंपादक होती.

"युद्ध पुकारलं होतं कुणी? न पुकारलेल्या युद्धाचा विराम कसा होईल?" त्र्यंबकरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. तीस वर्षं ते इथं मुद्रितं तपासत होते. "दोन्ही बाजूंनी गोळीबार थांबवायचं कबूल केलंय. शस्त्रसंधी. चार दिवस सीमेवर तोफा धडाडल्या म्हणून आपण शब्द ढिला करायचा नाही."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. त्यांनीच उचलला.

"पेपरवालं का?" बाईचा आवाज खणखणीत होता. "मी बिद्रीतनं आक्का बोलतोय. टीव्हीवर मघाधरनं खाली पट्टी पळतीया, शस्त्रसंधी, शस्त्रसंधी. संधी म्हंजे चान्सच न्हवं?"

"अं... हो, तसाही एक अर्थ..."

"मग शस्त्रांस्नी चान्स गावला म्हणायचं का? अजून वाढलं व्हय? आमचा सम्राट मिलटरीत हाय, जम्मूच्या पल्याड. तीन दिस झालं फोन लागंना. सुनंला सातवा म्हैना चाललाय, कालपास्नं घास न्हाय तिच्या पोटात. ती पट्टी बघितली आन आत जाऊन पडलीया."

त्र्यंबकराव खुर्चीतून उठले. धातू, उपसर्ग, दोन अर्थ, सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"आक्का, उलटं आहे. इथं संधी म्हणजे समझोता. दोघांनीही बंदुका थांबवायचं ठरवलंय. पाच वाजल्यापासून."



"मिटलं म्हणायचं?"

"मिटलं नाही. थांबलंय."

"परत सुरू हुईल?"

होणार नाही असं सांगून टाकावं, असं त्यांना फार वाटलं. "ते मला सांगता येणार नाही, आक्का. तेवढं त्या शब्दात बसत नाही."

"आन आज?"

"आज थांबलंय."

"खरं सांगताय न्हवं? छापणार हाईसा पेपरात?"

"पहिल्या पानावर."

"मग बास की!"

फोन ठेवायचं त्या विसरूनच गेल्या. लांब जाणारी पावलं ऐकू आली, मग तोच खणखणीत आवाज. "स्नेहल! ए स्नेहल, ऊठ बाई. चान्स न्हवं त्यो, थांबलंय म्हणं! पेपरातल्या सायबानं सांगिटलं. ऊठ, भाकरी वाढतो."

कुणीतरी रडलं. बराच वेळ रडलं. मग फरशीवर ताट टेकल्याचा आवाज आला. "आमटी गरम हाय, फुकून खा."

"सर, पान सोडायचंय," अदिती म्हणाली. "कोणता शब्द टाकू?"

त्र्यंबकरावांनी रिसीव्हरवर तळवा धरला.

"थांब जरा," ते हळूच म्हणाले. "ती जेवतेय."