शून्याची हवा

"पुन्हा नाही जुळलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्तात बावन्न, मशीनवर अडतीस."

सिस्टरने कंपनीकडून आलेल्या मशीनवाल्याकडे असं पाहिलं, की त्याने मान वायरींत खुपसली.

उघड्या पाळण्यात नऊ दिवसांचं, जेमतेम ओंजळीएवढं बाळ होतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड किती साचतोय ते बघायला दर चार तासांनी टाचेत सुई टोचावी लागे. टाचेवर आता टोचायला जागा उरली नव्हती. भिंतीशी आई उभी असायची; सुई बाळाला लागली की पाय तिचा आखडायचा.

हे मशीन सुईशिवाय मोजणार होतं. छातीवर बटणाएवढी चकती चिकटवायची, कातडीतून झिरपणारा वायू ती आतल्या उजेडाने मोजते. आकडा रक्ताशी जुळला, तर टाचेला सुट्टी. दोनदा फसलं होतं.

"आता एकदाच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर पेटी परत न्या."

"मशीन उत्तम आहे हो, सिस्टर." मशीनवाल्याने चकती सोडवून पुसली आणि डोळ्यांजवळ धरली. "त्याचं काय आहे, आधी हवेत शून्य लावायचं. साध्या हवेत हा वायू नसल्यातच जमा. हे तत्त्व एकदा समजलं ना, की मग..."

"दोन दिवस तत्त्वच ऐकतेय मी!" सिस्टर कावली. आणि एकदम थांबली. "शून्य कुठल्या हवेचं लावता?"

"ही काय, समोरचीच."

"समोर कोण बडबडतंय? अहो, तोंडापुढे धरून व्याख्यान देताय! तुमच्या उच्छ्वासालाच ते बिचारं शून्य समजतंय. मग बाळाचं त्याला कमीच दिसणार!"

मशीनवाल्याचं तोंड उघडंच राहिलं.

"मिटा ते आधी."

तिने चकती त्याच्या हातून घेतली, खिडकीशी नेली, हात लांब करून धरली. "लांब व्हा सगळे. कुणी बोलायचं नाही."

शून्य लागलं. चकती पुन्हा छातीवर बसली. आकडा स्थिरावायला पंधरा मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ मशीनवाला कसाबसा गप्प राहिला. मग शेवटची सुई. बाळ रडलं.

रक्तात चोपन्न. मशीनवर त्रेपन्न.

"टाच सोडा त्याची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आपलाही श्वास चकतीला लागू नये म्हणून आई अजून भिंतीकडे तोंड करून, तोंडावर पदर दाबून उभी होती.

"अहो, झालं कधीच! घ्या श्वास," सिस्टर वैतागून म्हणाली. "या इकडे."

आई आली, वाकली, आणि त्या जांभळ्या पडलेल्या टाचेवर हळूच फुंकर घालत राहिली.

सिस्टर तिला टोकणार होती. त्याऐवजी ती मशीनवाल्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही काय बघत बसलात?"